एकाच सदऱ्याचे दोन खिसे

कंपन्यांच्या कराबद्दल कुणी चार शब्द बोललं की उत्तर तयार असतं. धंदा त्यांचा, पैसा त्यांचा. माल कुणाला काय भावाने द्यायचा आणि कर्ज कुणाकडून किती टक्क्यांनी उचलायचं, ते त्यांचं ते बघतील. कायद्यात बसतंय ना, मग सरकारने नाक कशाला खुपसायचं? वर पुरावा म्हणून उच्च न्यायालय असतंच. वोडाफोनच्या वेळी न्यायालयाने आयकर खात्याचे कान उपटले, शेलच्या वेळी पुन्हा उपटले, विषय संपला.

हे मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत हिशेब सांभाळणाऱ्या हुशार पोरांकडून ऐकतो, वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पुरवण्यांत वाचतो, आणि नवल म्हणजे इथे पाचाडला, रायगडाच्या पायथ्याशी पिठलं-भाकरीची खानावळ चालवणाऱ्या माणसाकडूनही ऐकतो. पोरांचं समजू शकतो, त्यांचा पगार त्यावर आहे. खानावळवाल्याला त्यातून दमडी मिळत नाही, तरी तो ते तावातावाने मांडतो. म्हणून हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी.

आधी त्यातलं खरं ते मान्य करू. वोडाफोन इंडिया सर्व्हिसेस या कंपनीने मॉरिशसमधल्या आपल्याच समूहाच्या कंपनीला शेअर दिले, एका शेअरचे ८,५१९ रुपये घेऊन. आयकर अधिकारी म्हणाला, या शेअरची रास्त किंमत ५३,७७५ रुपये. म्हणजे तुम्ही १,३०० कोटींहून जास्त रक्कम कमी घेतली. ती आम्ही तुमचं उत्पन्न धरणार, आणि ती परदेशी मालकाला दिलेलं कर्जच होतं असं समजून वर व्याजही धरणार. १० ऑक्टोबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हा सगळा डोलारा पाडला. शेअर देऊन आलेला पैसा भांडवल आहे. जे उत्पन्नच नाही त्यावर आयकर कसा लावणार? पुढच्याच महिन्यात शेल इंडियाचा निकाल तसाच लागला. तिथे दहा रुपयांनी दिलेला शेअर खात्याने १८० रुपयांचा ठरवला होता आणि १५,००० कोटींहून मोठा आकडा उत्पन्नात घातला होता. जानेवारी २०१५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वोडाफोनच्या निकालावर अपील न करण्याचं ठरवलं.

हे दोन्ही निकाल मला बरोबर वाटतात. खात्याने चुकीच्या टोकाला हात घातला होता. परदेशी मालकाने शेअर स्वस्तात घेतला तर इथल्या कंपनीत भांडवल कमी आलं असं फार तर म्हणता येईल; इथला नफा त्याने कमी होत नाही. जिथे नफा खरोखर पाझरतो ती भोकं वेगळी आहेत: समूहातल्याच कंपनीला दिलेलं व्याज, तिच्याकडून घेतलेल्या कच्च्या मालाचा भाव, नावाच्या वापरासाठीचं स्वामित्वशुल्क, ‘व्यवस्थापन सेवे’चं बिल. ही चारही खर्चाच्या बाजूला बसतात आणि करपात्र नफा खातात. या व्यवहारांवर २००१ च्या वित्त कायद्याने नियम घातला की भाव अनोळखी माणसाशी व्यवहार केला असता जो ठरला असता तोच धरायचा. उच्च न्यायालयाने हा नियम रद्द केला नाही, त्याला बोटही लावलं नाही. तेव्हा व्याजाच्या आणि खरेदीच्या भावाची बाजू मांडताना जो वोडाफोनचा निकाल फडकवतो, त्याने तो वाचलेला नसतो, किंवा समोरच्याने वाचला नसेल असा त्याचा अंदाज असतो.

आता व्याजाचं उदाहरण घेऊ, आकडे सोयीसाठी गोल धरून. समजा इथल्या एका कारखान्याला १०० कोटी हवेत. परदेशातला मालक ते भांडवल म्हणून घालू शकतो. मग जो नफा होईल त्यावर इथे २५.१७ टक्के कर बसेल आणि उरलेल्यातून लाभांश जाईल. पण तेच १०० कोटी त्याने मॉरिशसमधल्या आपल्याच दुसऱ्या कंपनीमार्फत १२ टक्क्यांचं कर्ज म्हणून दिले, तर दरसाल १२ कोटी व्याज नफ्यातून आधीच वजा होतं. इथला कर ३ कोटी २ लाखांनी कमी झाला. व्याज बाहेर जाताना कापायचा कर २०१७ पासूनच्या करारानुसार साडेसात टक्के, म्हणजे ९० लाख. निव्वळ २ कोटी १२ लाख तिजोरीत आलेच नाहीत. कारखाना तोच, यंत्रं तीच, पाळीला येणारे कामगार तेच आणि १०० कोटीही तेच. देणारा आणि घेणारा हे एकाच सदऱ्याचे दोन खिसे; त्यातल्या एकातच आपल्या आयकर अधिकाऱ्याचा हात पोचतो, एवढाच फरक.

‘कायद्यात बसतं’ म्हणणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. कारण कायद्यालाच ही गोष्ट पुरती पसंत नाही. २०१७ पासून परदेशी सहयोगी कंपनीला दिलेलं व्याज, ते वर्षाला एक कोटीच्या वर असेल तर, व्याज-कर-घसारा काढण्याआधीच्या कमाईच्या ३० टक्क्यांपर्यंतच वजा करता येतं. उरलेलं आठ वर्षं पुढे ओढता येतं. त्याच साली आयकर कायद्यात एक सर्वसाधारण तरतूद लागू झाली: केवळ कर वाचवण्यासाठी रचलेला, मागे धंद्याचं खरं कारण नसलेला व्यवहार खात्याला बाजूला सारता येतो. एखादी गोष्ट निर्दोष असती तर संसदेने तिच्याभोवती एवढी कुंपणं घातली नसती. आणि कुंपण ३० टक्क्यांवर आहे म्हटल्यावर सल्लागाराचं काम सोपं होतं: २९ टक्क्यांपर्यंत चरून घ्या. ते कायदेशीर आहे, मान्य. पण ‘कायदेशीर’ आणि ‘त्यांचा खासगी मामला’ या दोन गोष्टी एका श्वासात म्हणू नयेत. कर किती बुडतो हा माझाही मामला आहे.

भावात राज्याने पडू नये, हे पाचाडमध्ये बसून ऐकताना तर गंमत वाटते. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना मिठाबद्दल पत्र पाठवलं होतं. पोर्तुगीजांच्या बारदेशातलं मीठ स्वस्त पडतं म्हणून व्यापारी तिकडे वळतात आणि आपल्याकडचा मिठाचा धंदा बसतो, तेव्हा बारदेशी मिठावर अशी जबर जकात बसवा की ते इकडच्यापेक्षा महाग पडेल, असा त्याचा आशय. स्वराज्याच्या हद्दीबाहेर ठरलेल्या भावाने हद्दीच्या आतलं उत्पन्न कसं कोरडं पडतं, हे इथून वर गडावर राज्य करणाऱ्या माणसाला नीट कळत होतं. त्यांच्या नावाने घोषणा देत रोपवेच्या रांगेत उभं राहायचं आणि खाली येऊन ‘भाव हा कंपनीचा प्रश्न’ म्हणायचं, हे काही जमत नाही.

बरं, भाव ठरवणं सोपं आहे असंही मी म्हणणार नाही. महाडला औषधांची आणि रसायनांची रोजची ओळख असलेली माणसं आहेत, त्यांना ग्लॅक्सोची कॅनडातली केस रुचेल. ॲसिडिटीवरच्या झँटॅक गोळीत तेव्हा रॅनिटिडीन असायचं. १९९० च्या सुमारास ग्लॅक्सोची कॅनडातली कंपनी ते समूहातल्याच एका स्विस कंपनीकडून किलोला १,५१२ ते १,६५१ डॉलर देऊन घेत होती. त्याच काळात कॅनडातले दुसरे औषधनिर्माते तेच रॅनिटिडीन १९४ ते ३०४ डॉलरना घेत होते. कर खात्याने फरक नफ्यात घातला. कंपनी म्हणाली, आम्ही नुसती पावडर घेत नाही, झँटॅक हे नाव वापरायचा हक्क त्यातूनच मिळतो. २०१२ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसता किलोचा भाव बघून चालणार नाही, परवान्याचा करारही बघावा लागेल, आणि प्रकरण खाली परत पाठवलं. न्यायालयाचं म्हणणं रास्तच होतं. पण मग तेवढ्याच रास्तपणे विचारायला हवं की ब्रँडच्या नावाची किंमत पावडरीच्या भावात का मिसळली? वेगळी दाखवली असती तर ती कुणालाही मोजता आली असती, आणि स्वामित्वशुल्क म्हणून तिच्यावर वेगळा करही कापला गेला असता. किंमत ठरवणं अवघड आहे असं कंपन्या सांगतात, पण ते अवघड करून ठेवण्यात कुणाचा हात असतो हे सांगत नाहीत.

व्याजाच्या बाबतीत ही सबबही चालत नाही, कारण पैशाचा भाव बाजारात रोज लागतो. शेव्हरॉन या तेलकंपनीच्या ऑस्ट्रेलियातल्या शाखेने २००३ मध्ये अडीच अब्ज अमेरिकन डॉलरच्या बरोबरीचं कर्ज घेतलं. कुणाकडून? अमेरिकेत काढलेल्या आपल्याच उपकंपनीकडून. म्हणजे आई लेकीकडून उसने घेते तसं. लेकीने मूळ कंपनीच्या हमीवर अमेरिकी बाजारातून साधारण १.२ टक्क्यांनी पैसे उचलले आणि आईला साधारण ९ टक्क्यांनी दिले. आईने ते व्याज ऑस्ट्रेलियातल्या नफ्यातून वजा केलं. लेकीला झालेला नफा लाभांश म्हणून पुन्हा आईकडेच आला, आणि त्या लाभांशावर ऑस्ट्रेलियात कर नव्हता. एप्रिल २०१७ मध्ये तिथल्या फेडरल न्यायालयाच्या पूर्णपीठाने कर खात्याच्या बाजूने निकाल दिला. काही महिन्यांनी शेव्हरॉनने अपील मागे घेतलं. ‘खातं दरवेळी हरतं’ म्हणणाऱ्यांसाठी हा निकाल नोंदवून ठेवतो.

पण कोकणातल्या माणसाने ऑस्ट्रेलियापर्यंत जायचंच कशाला? महाडहून महामार्गाने पोलादपूर, कशेडी घाट, खेड, चिपळूण असं उतरत गुहागरला वळलं की अंजनवेलला दाभोळचा वीजप्रकल्प उभा आहे. भाव आणि भांडवल एकाच हातात असलं की काय होतं याचा एवढा मोठा वस्तुपाठ महाराष्ट्रात दुसरा नसेल.

८ डिसेंबर १९९३ रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने दाभोळ पॉवर कंपनीशी वीजखरेदीचा करार केला. कंपनीत एन्रॉनचे ८० टक्के, जनरल इलेक्ट्रिकचे १० आणि बेक्टेलचे १०. आता कामं कुणाकडे होती ते बघा. टर्बाइन जनरल इलेक्ट्रिकची. बांधकाम बेक्टेलचं. प्रकल्प चालवायचा आणि इंधनाची व्यवस्था बघायची एन्रॉनच्या कंपन्यांनी. प्रत्येक मालक त्याच प्रकल्पाचा ठेकेदारही होता. मालक म्हणून मिळणारा परतावा प्रकल्प चालू झाल्यावर, नफा झाला तर. ठेकेदार म्हणून मिळणारा पैसा मात्र बिल निघालं की लगेच. आणि प्रकल्पाचा खर्च जितका मोठा, तितका वीजदरातला स्थिर आकार मोठा मागता येतो. तो आकार डॉलरशी बांधलेला, आणि वीज उचलली नाही तरी मंडळाने भरायचाच. अशा ठिकाणी बांधकामाचं बिल कमी करावं असं नक्की कुणाला वाटणार होतं?

जागतिक बँकेने १९९३ मध्येच हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही म्हणून पैसे नाकारले होते. १९९५ मध्ये युती सरकारने, निवडणुकीत एन्रॉन अरबी समुद्रात बुडवायची भाषा करून झाल्यावर, प्रकल्प रद्द केला आणि थोड्याच महिन्यांत फेरवाटाघाटीला बसलं. तेव्हा त्याच प्रकल्पाचा खर्च खाली आला. समर्थक म्हणाले, यंत्रांचे भाव उतरले. टीकाकार म्हणाले, वायू हाताळणीचा भाग वेगळा काढला म्हणून आकडा लहान दिसतो. दोघांपैकी कुणीही खरं असो, पहिला आकडा दगडावरची रेघ नव्हता एवढं उघड झालं. फेरवाटाघाटीतून आलेल्या कराराला केंद्राची प्रतिहमी मिळाली ती २७ मे १९९६ रोजी, वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारकडून; बहुमत नसलेल्या सरकारला वेळ मिळाला तो या कामाला. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. दोन वर्षांत मंडळाने हात टेकले आणि मे २००१ मध्ये वीज घेणं थांबवलं. माधव गोडबोले समितीने त्या करारांचे वाभाडे काढले. २ डिसेंबर २००१ रोजी एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोरीत गेली.

मग तिची कराची पोटली उघडली. वॉशिंग्टनच्या सिटिझन्स फॉर टॅक्स जस्टिस या संस्थेने जानेवारी २००२ मध्ये तिच्याच कागदांवरून हिशेब मांडला: आधीच्या पाच वर्षांपैकी चार वर्षं अमेरिकेत आयकर शून्य, करमुक्त किंवा जवळजवळ करमुक्त ठिकाणी ८८१ उपकंपन्या, त्यातल्या ६९२ केमन बेटांवर, ४३ मॉरिशसमध्ये. वर्षभराने अमेरिकी संसदेच्या करविषयक संयुक्त समितीचा अहवाल आला. एन्रॉनमधला कर विभाग हा खर्चाचा विभाग राहिला नव्हता, नफा मिळवून देणारा विभाग झाला होता, असं त्यातून दिसलं. कर भरायचं काम ज्यांचं, त्यांनी कंपनीला नफा मिळवून द्यायचा. तोही वीज न विकता.

दाभोळमध्ये इथला कर बुडवला असा माझा आरोप नाही. मुद्दा याहून अडचणीचा आहे. ते सगळे करार कायदेशीर होते. सह्या झालेल्या, वकिलांनी तपासलेल्या, मुंबई उच्च न्यायालयात आव्हान मिळूनही टिकलेल्या. जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेलची गुंतवणूक मॉरिशसच्या कंपन्यांमार्फत आली होती, तीही कायदेशीर. प्रकल्प बसल्यावर भरपाईसाठी लवाद लढला तो त्याच मॉरिशसच्या कंपन्यांच्या नावाने. नफ्यावरचा कर कमी करायला जी कंपनी मधे घातली, तीच नुकसान झाल्यावर भारताकडे बोट दाखवायला पुढे आली. आणि बिल कुणी भरलं? वीज मंडळाने, म्हणजे पाचाडच्या खानावळीतल्या मिक्सरपासून मुंबईच्या लोकलपर्यंत सगळ्यांनी.

भाव असा लांबून फिरून येण्याचा प्रकार दाभोळबरोबर संपला नाही. २०१६ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने इंडोनेशियातून येणाऱ्या कोळशाबद्दल इशारा काढला: जहाज थेट भारतात येतं, कागद मात्र दुसऱ्या देशांतल्या मधल्या कंपन्यांमार्फत फिरून येतात आणि वाटेत कोळसा महाग होतो. कंपन्यांनी आरोप फेटाळले आहेत, प्रकरणं रेंगाळली आहेत, म्हणून नावं घेत नाही. इंधनाचा खर्च वीजदरात धरला जातो, हे मात्र वादातीत आहे.

आता खानावळवाल्याकडे येतो. त्याने मला गाठून विचारलं ते असं: “दादा, हाटेल माझ्या नावावर, जागा बायकोच्या नावावर. तिला भाडं दिलं म्हणून दाखवतो, तेवढा माझा नफा कमी. मोठ्यांनी तेच केलं तर बिघडलं कुठे?”

प्रश्न चांगला होता, म्हणून नीट उत्तर दिलं. भाऊ, पहिली गोष्ट, तुम्ही दाखवलेलं भाडं वहिनींच्या उत्पन्नात येतं, याच देशात, याच खात्यापुढे. जागा तुमच्याच पैशांतून त्यांना घेऊन दिली असेल तर ते भाडं पुन्हा तुमच्याच उत्पन्नात मिळवतात. आणि भाडं वाजवीपेक्षा जास्त असेल तर अधिकारी ते नामंजूर करू शकतो; नातलगांना दिलेल्या अवाजवी रकमेबद्दलचा हा नियम १९६८ पासून आहे. म्हणजे नवरा-बायकोतल्या भाड्यावर कायद्याची नजर कधीपासून आहे, आणि मॉरिशसच्या बहीणकंपनीबद्दल बोललं की ‘धंद्यात ढवळाढवळ’.

दुसरी गोष्ट जास्त लागते. दोन कोटींच्या आतली उलाढाल असलेला छोटा धंदेवाईक सोपी वाट घेतो: उलाढालीच्या ८ टक्के, बँकेतून किंवा मोबाइलवरून आलेल्या रकमेच्या ६ टक्के, हाच त्याचा नफा असं सरकार धरून चालतं. या वाटेवर पतपेढीचं व्याज कुणी विचारत नाही. भाडं, गॅस, पोराच्या पगाराचे पैसे, काहीच वेगळं वजा होत नाही. नफा त्याहून कमी दाखवायचा तर वह्या ठेवा, लेखापरीक्षण करून घ्या. म्हणजे वह्यांची दगदग नको असेल तर खानावळीचा नफा सरकार ठरवणार, आणि व्याज किती द्यायचं हे आपल्याच बहीणकंपनीशी बसून ठरवलं की उरेल तो कंपनीचा नफा.

यावर पोरं म्हणतात, पण खानावळवाल्याला आयकर लागतो कुठे? बारा लाखांपर्यंत माफच आहे. खरं आहे. पण व्यापारी सिलिंडरवरचा जीएसटी त्याला परत मिळत नाही, तो थाळीच्या भावात मिसळतो आणि गडावरून उतरलेला भुकेला माणूस भरतो. नफ्यावरचा कर जितका आटेल तितका सरकारचा भार अशा करांवर सरकतो. त्यात मॉरिशस नाही की केमन नाही.

शेवटचा आणि सर्वांत लोकप्रिय बचाव: कर जास्त म्हणून कंपन्या पळवाटा काढतात, आणि कर कमी ठेवला तर कारखाने येतात, महाडच्या पोरांना नोकऱ्या मिळतात. २० सप्टेंबर २०१९ रोजी पणजीत निर्मला सीतारामन यांनी कंपन्यांचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, नव्या कारखान्यांसाठी १५ वर. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींच्या महसुलावर पाणी सोडल्याचा सरकारचाच अंदाज होता. दर हेच कारण असतं तर त्यानंतर बहीणकंपन्यांच्या कर्जाचा मोह सरायला हवा होता. पण सगळं करूनही नफ्यावर २५.१७ आणि बाहेर जाणाऱ्या व्याजावर साडेसात, मग मोह सरेल कसा? इथला दर दहावर आणला तरी कुठल्या तरी बेटावर शून्य असणारच.

आणि नोकऱ्यांचं म्हणाल तर नफा बाहेर सरकवण्याची झळ सर्वांत आधी नोकरीवाल्यालाच बसते. बोनसचा हिशेब १९६५ च्या कायद्याने घालून दिला, आता तो वेतन संहितेत गेला: किमान ८.३३ टक्के, कमाल २०, मधला आकडा कंपनीच्या वाटपयोग्य शिलकीवर. जुन्या कायद्यातल्या हिशेबात मालकाचं भांडवल शेअरच्या रूपात असेल तर त्यावर ८.५ टक्के परतावा आधी वजा होतो, मग कामगारांची शिल्लक. तेच भांडवल बहीणकंपनीच्या कर्जातून आलं की १२ टक्के व्याज आधीच गेलेलं असतं. दिवाळीच्या आधी युनियनची माणसं साहेबांपुढे बसतात तेव्हा ताळेबंद दाखवून ‘यंदा नफाच नाही’ सांगितलं जातं, आणि नेहमीप्रमाणे ८.३३ वर सही होते. शाळेला बाकडी आणि गावाला पाण्याची टाकी देणारा सामाजिक दायित्वाचा निधीसुद्धा मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के. नफा आटला की टाकीही आटली. टाकीवर कंपनीचं नाव मात्र मोठ्या अक्षरांत.

वर मांडलेल्या २ कोटी १२ लाखांतलं महाराष्ट्राच्या वाट्याला किती आलं असतं? वाटपयोग्य करांतले ४१ टक्के राज्यांना, त्यात २०२१ ते २०२६ या काळासाठी महाराष्ट्राचे ६.३१७ टक्के. ढोबळ साडेपाच लाख रुपये, अधिभार आणि उपकर वाटपात धरत नाहीत म्हणून थोडे कमीच. केंद्र आणि प्रांतांनी महसूल कसा वाटून घ्यावा यावर बाबासाहेबांनी १९२५ मध्ये ग्रंथ काढला, महाडच्या सत्याग्रहाच्या दोन वर्षं आधी. तो वाद अजून मिटलेला नाही. साडेपाच लाखांवर कुणी हसेल. पण हे एका कारखान्याचं एका कर्जावरचं एका वर्षाचं झालं. आणि जुलै २०२१ मध्ये तळियेवर दरड आली, महाड पाण्याखाली गेलं, तेव्हा ज्या तिजोरीकडे सगळ्यांनी हात पसरले ती हीच.

खात्याचा जाच होतो, ही तक्रार मात्र मी झटकून टाकत नाही. शेलच्या १८० रुपयांनी ती तक्रार कमावली आहे. पण त्यावर उपाय २०१२ पासून कायद्यात आहे: समूहातल्या व्यवहारांचे भाव पाच वर्षांसाठी खात्याशी आधीच ठरवून घ्यायचे. शेकडो कंपन्यांनी असे करार केले आहेत. अडचण ही की त्यात ठरलेलं काहीही आपल्याला कळत नाही. मोठ्या समूहांना कुठल्या देशात किती विक्री, किती नफा, किती कर, किती माणसं, याचा तक्ताही २०१६ पासून द्यावा लागतो. तोही अधिकाऱ्याच्या कपाटात. खानावळवाल्याने रोजचं बिल ग्राहकाला द्यायचं, विक्रीचा हिशेब सरकारला दाखवायचा, आणि हजारो कोटींच्या समूहाचा तक्ता मात्र गोपनीय. छळाची खरीच भीती असेल तर कंपन्यांनीच तो तक्ता उघडा करायची मागणी करावी. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत शेअरला १८० रुपये लावायला अधिकारीही कचरेल.

तोपर्यंत वसाहतीतल्या युनियनवाल्यांना एक काम सुचवतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये भरले की कंपनीने दाखल केलेले हिशेब बघता येतात. ताळेबंदाच्या मागे टिपणांचा गठ्ठा असतो, त्यात शेवटी शेवटी ‘संबंधित पक्षांशी व्यवहार’ असं एक टिपण. बारीक अक्षरांत, बहुधा दोन पानं. त्यातून समूहातल्या कंपन्यांना दिलेलं व्याज, स्वामित्वशुल्क, सेवाशुल्क आणि त्यांच्याकडून केलेली खरेदी असे चार आकडे काढावेत, मागच्या पाच वर्षांचे, आणि एका कागदावर नफ्याच्या आकड्याशेजारी लिहावेत. पुढच्या बोनसच्या बैठकीला तो कागद घेऊन जावा, आणि नफा नाही असं साहेबांनी म्हटलं की पहिल्या आकड्यावर बोट ठेवून हे व्याज कुणाला दिलं आणि बँक कितीला देत होती, एवढं विचारावं.